डाव्या कुशीतला खडा आणि उजव्या बरगडीखालचं दुखणं

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. विचारणारे गृहस्थ ३६ वर्षांचे, राहायला वाकडला, नोकरी हिंजवडीत, दिवसभर खुर्चीत. गेल्या आठवड्यात पहाटे तीनला डाव्या कुशीत अचानक कळ उठली, जांघेपर्यंत उतरली, दोन उलट्या झाल्या. इंजेक्शन घेतल्यावर तासाभरात थांबली. त्याच सकाळच्या सोनोग्राफीत डाव्या मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाशी ६ मिलिमीटरचा खडा, डाव्या किडनीला ‘सौम्य सूज’ आणि उजव्या किडनीत ३ मिलिमीटरचा आणखी एक खडा दिसला. एका डॉक्टरांनी उद्याच ॲडमिट व्हा म्हणून सांगितलं. सासऱ्यांनी कुंडीतली पानफुटी सुरू केली, ऑफिसातला मित्र बिअर घे म्हणतोय, आणि घरातून टोमॅटो, पालक आणि दूध हद्दपार झालंय. शेवटी एक ओळ जाता जाता लिहिली आहे: पंधरा-वीस दिवसांपासून जेवणानंतर उजव्या बरगडीखालीही दुखतं, तेही खड्यामुळेच असणार.

मला विचाराल तर या सगळ्यात महत्त्वाची ती शेवटची ओळ आहे. तिच्याकडे येतो, पण जरा वळसा घेऊन.

मी पुण्यात तीसेक वर्षं जनरल प्रॅक्टिस करतोय. खड्याची ऑपरेशनं मी करत नाही, ती युरॉलॉजिस्टची कामं. पण ‘डॉक्टर, पोटात दुखतंय’ हे वाक्य सगळ्यात आधी माझ्यासारख्याच्या टेबलापाशी येतं, आणि इतकी वर्षं ते ऐकून एक गोष्ट पक्की कळली आहे. सोनोग्राफीच्या कागदावर खडा सापडला, की पेशंट आणि डॉक्टर दोघंही शोध थांबवतात. चोर सापडला, खेळ खलास. प्रत्यक्षात कागदावरचा खडा आणि पोटातलं दुखणं यांची गाठ बसतेच असं नाही. ती बसते का, हे दर वेळी तपासावं लागतं. तुमच्या डाव्या बाजूची बसते. उजव्या बाजूची मला बसलेली दिसत नाही.

डावी बाजू आधी. किडनीत नुसता पडून असलेला खडा सहसा दुखत नाही. तो सुटून मूत्रवाहिनीत उतरला आणि वाटेत अडकला, की मग माणूस गडाबडा लोळतो. ही नळी २५ ते ३० सेंटिमीटर लांब, पण आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद. त्यातही तीन जागा जास्त अरुंद: किडनीतून ती निघते तिथे, कमरेत मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते तिथे, आणि मूत्राशयाच्या भिंतीत शिरते तिथे. तुमचा खडा तिसऱ्या नाक्यावर थांबलाय. लोकांना वाटतं खडा टोकदार असतो, तो आत टोचतो म्हणून दुखतं. टोचण्यानं लघवीत थोडं रक्त येऊ शकतं, पण ती जीवघेणी कळ मुख्यतः तुंबण्याची असते. खड्याच्या मागे लघवी साठते, किडनीत दाब वाढतो, तिचं आवरण ताणलं जातं. म्हणूनच तीन मिलिमीटरचा दाणा पैलवानाला रडवतो, आणि किडनीत ठाण मांडून बसलेला दोन सेंटिमीटरचा दगड दहा वर्षं कुणाला पत्ता लागू देत नाही.

दाब वाढला की किडनीत प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं वाढतात, त्यांनी तिथला रक्तपुरवठा वाढतो, लघवी आणखी तयार होते आणि दाब अजून चढतो. डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन हे चक्र तोडतं. तुमची कळ तासाभरात थांबली ती बहुधा त्यानंच. मात्र ज्यांची किडनी आधीच कमजोर आहे, ज्यांना अल्सर किंवा हृदयविकार आहे, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे, त्यांनी हे औषध मेडिकलच्या दुकानातून परस्पर घेऊ नये. त्यांच्यासाठी पॅरासिटामॉल शिरेतून देता येतं आणि तेही चांगलं काम करतं.

कळ जांघेत आणि पुरुषांना वृषणात का उतरते, तर या भागांच्या नसा मज्जारज्जूत जवळजवळ एकाच पातळीवर पोचतात आणि मेंदूचा पत्ता चुकतो. उलट्यांचंही तेच: किडनीच्या आणि जठराच्या नसांचं जंक्शन एक. ‘बाहेरचं खाल्लं, बाधलं’ असं म्हणून कित्येक जण पहिली कळ अंगावर काढतात, त्याचं मूळ इथे आहे. खडा अगदी मूत्राशयाच्या दारात आला की आणखी एक फसवणूक होते. सारखी लघवीला लागते, थेंब थेंब होते, शेवटी टोकाला कळ मारते. घरात सगळे म्हणतात उन्हाळी लागली, सब्जा घे. तुम्हाला तसं होऊ लागलं तर ती वाईट बातमी नव्हे, खडा शेवटच्या स्टेशनवर आल्याची खूण आहे.

आणखी एक निरीक्षण, ज्याला एक रुपयाही खर्च येत नाही. मुतखड्याच्या कळेत माणूस एका जागी राहूच शकत नाही. उठतो, बसतो, फेऱ्या मारतो, जमिनीवर लोळतो, भिंतीला कूस दाबून धरतो. अपेंडिक्स फुटायच्या बेतात असलेला माणूस नेमका उलटा: गुडघे पोटाशी घेऊन निपचित, हात लावू देत नाही, खोकलासुद्धा जपून. अशा पेशंटला गाडीतून आणताना प्रत्येक स्पीडब्रेकरला तो कळवळतो. २०१२ साली ब्रिटनमध्ये याचा रीतसर अभ्यास झाला आणि स्पीडब्रेकरवर अजिबात न दुखणाऱ्याला अपेंडिक्सचा विकार असण्याची शक्यता फार कमी निघाली. पुण्यात ही तपासणी घर ते दवाखाना या अंतरात आठ-दहा वेळा तरी होते. मी नातेवाइकांना आवर्जून विचारतो, ‘येताना कसे होते?’

आता ६ मिलिमीटर. ५ मिलिमीटरपर्यंतचे खडे साधारण तीनातले दोन आपोआप पडतात. ५ ते १० मधले निम्म्याच्या आसपास. खालच्या टोकाशी पोचलेल्याची शक्यता वर अडकलेल्यापेक्षा चांगली. एवढ्या खड्याला बाहेर यायला सरासरी तीन आठवडे लागतात, काहींना पाच-सहाही. शिवाय सोनोग्राफीत खडा एक-दोन मिलिमीटरनं मोठा दिसणं अगदी नेहमीचं. तुमचा ६ प्रत्यक्षात ४ असू शकतो. नक्की माप आणि जागा हवी असेल तर बिनकॉन्ट्रास्टचा, म्हणजे शिरेत रंगद्रव्य न टोचता केलेला, सीटी स्कॅन. त्यात जवळपास सगळे खडे दिसतात, क्ष-किरणाच्या साध्या फोटोत न दिसणारा युरिक ॲसिडचा खडासुद्धा. पण प्रत्येक कळेला सीटी करू नका, किरणोत्सर्ग जमा होत जातो.

‘सौम्य सूज’ या शब्दाने बरेच जण हादरतात. किडनी सुजली म्हणजे खराब झाली असं नाही. आत लघवी साठून ती थोडी फुगली आहे, एवढाच त्याचा अर्थ. अडथळा गेला की ती पूर्ववत होते. अडथळा आठवडेच्या आठवडे तसाच राहिला तर मात्र खरंच खराब होऊ शकते, आणि गंमत म्हणजे तोवर दुखणंही थांबलेलं असतं. कळ थांबली म्हणजे खडा गेला, हा मुतखड्यातला सगळ्यात महागडा गैरसमज. खडा डोळ्यांनी पाहिला नसेल तर दोन ते चार आठवड्यांत पुन्हा सोनोग्राफी करायचीच, दुखत असो वा नसो.

तर तुम्हाला ताप नाही, उलट्या थांबल्या आहेत, दुसरी किडनी चालू आहे, क्रिएटिनिन ही किडनीच्या कामाची रक्ततपासणी ठीक आहे (प्रश्नात आकडा नाही, केली नसेल तर आजच करा) आणि कळ गोळीनं आटोक्यात राहते, असं असेल तर चार आठवडे वाट पाहणं हा पूर्णपणे शास्त्रीय सल्ला आहे, आळस नव्हे. टॅमसुलोसिन नावाची गोळी अशा वेळी देतात. मुळात ती प्रोस्टेटची, पण मूत्रवाहिनीचं खालचं टोक सैल करते, आणि ५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या खड्यात तिचा उपयोग दिसतो. रात्री घ्यायची, कारण उठताना चक्कर येऊ शकते. संबंधाच्या वेळी वीर्य बाहेर न येणं हाही तिचा परिणाम. गोळी बंद केली की पूर्ववत होतं. हे आधी कुणी सांगत नाही आणि मग तरुण मुलं घाबरून रात्री अकराला फोन करतात.

उद्याच ॲडमिट व्हा म्हणणारे डॉक्टर लुबाडायलाच बसलेत असं मी म्हणणार नाही. त्यांना विचारा, घाई कशासाठी? उत्तरात यांपैकी एखादं कारण आलं तर खरंच घाई आहे: ताप, लघवी बंद किंवा अगदी कमी, एकच किडनी, दोन्ही बाजूंना अडथळा, गरोदरपण, वाढलेलं क्रिएटिनिन, न थांबणाऱ्या उलट्या, औषधांना न जुमानणारी कळ. ‘खडा मोठा आहे ना’ एवढंच उत्तर मिळालं तर दुसऱ्या युरॉलॉजिस्टचं मत घ्या.

तापाबद्दल थांबून सांगतो, कारण यात मी स्वतः चुकलेलो आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीची गोष्ट. पन्नाशीच्या एक बाई, मधुमेह, उजव्या बाजूला खडा असल्याचं माहीत. थंडी वाजून ताप आला. मी लघवीचं इन्फेक्शन समजून गोळ्या दिल्या, परवा या म्हटलं. त्या दुसऱ्या दिवशी रात्रीच आल्या, रिक्षातून, हात गार, रक्तदाब पडलेला. वाचल्या, पण पाच दिवस अतिदक्षता विभागात होत्या. अडकलेला खडा आणि त्याच्यामागे पू, म्हणजे बंद डब्यातलं गळू. रक्तातून जाणारं औषध तिथे पुरेसं पोचत नाही. आधी तुंबलेली लघवी मोकळी करावी लागते, एकतर खालून स्टेंट, म्हणजे मूत्रवाहिनीत ठेवायची बारीक नळी, घालून किंवा पाठीतून बारीक नळी टाकून. खडा काढायचं नंतर. तेव्हापासून माझा नियम असा, की खडा माहीत आहे आणि थंडी वाजून ताप आला, तर वेळ रात्री दोनची असली तरी सकाळची वाट पाहायची नाही. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. मधुमेह असेल तर दुप्पट घाई.

ऑपरेशनची वेळ आलीच तर तुमच्या जागेच्या खड्याला दुर्बीण लघवीच्या मार्गाने वर नेतात आणि लेझरने तो फोडतात. बाहेर टाका नाही, बहुतेक जण दुसऱ्या दिवशी घरी. किडनीतल्या मोठ्या, दोन सेंटिमीटरच्या पुढच्या खड्यांना पाठीतून छिद्र पाडून काढावं लागतं. बाहेरून धक्कालहरींनी खडा फोडायची पद्धत १९८० साली म्युनिकमध्ये पहिल्यांदा माणसावर वापरली गेली. आजही निवडक खड्यांना ती चांगली आहे, पण फुटलेला चुरा तुम्हालाच पाडावा लागतो. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेच्या यादीत मुतखड्याच्या शस्त्रक्रिया आहेत. योजनेतल्या रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्राला गाठा.

स्टेंटबद्दल मात्र चार वाक्यं जास्त लिहितो. दोन्ही टोकांना वळलेली ती बारीक नळी, सगळे तिला ‘डीजे’ म्हणतात. ती आत असेपर्यंत लघवीला सारखी लागणं, शेवटी कळ, कमरेत दुखणं, जिना चढल्यावर लघवी लालसर होणं हे चालतं. त्यासाठी रोज डॉक्टर बदलू नका. पण ती काढायची तारीख विसरू नका. सहसा काही आठवड्यांतच काढतात. माझ्याकडे एकदा एक वॉचमन आला. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या गावात ऑपरेशन झालेलं, बरं वाटलं, हा परत गेलाच नाही. आत डीजे आहे हेच त्याला कुणी समजेल अशा भाषेत सांगितलेलं नव्हतं. एक्स-रेमध्ये त्या नळीवर वरपासून खालपर्यंत दगड चढलेला. साध्या पाच मिनिटांच्या कामासाठी मग दोन ऑपरेशनं लागली. डिस्चार्ज कार्डावर ‘डीजे’ हे शब्द दिसले की कालनिर्णयवर त्या तारखेला लाल गोल करा आणि घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.

आता उजवी बाजू.

उजव्या किडनीतला ३ मिलिमीटरचा खडा जागेवर बसलेला आहे, तिथे सूज नाही, म्हणजे तुंबलेलं काही नाही. असा खडा जेवणानंतर बरगडीखाली दुखवत नाही. किडनीला तुम्ही मिसळ खाल्ली की वरणभात, हे कळत नाही. जेवणाशी, त्यातही तेलकट जेवणाशी बांधलेलं, उजव्या बरगडीखालचं, अर्धा तास ते काही तास टिकणारं, कधी उजव्या खांद्याकडे किंवा पाठीत पात्याखाली जाणारं दुखणं असेल तर संशय पित्ताशयावर घ्यायचा. वरच्या पोटात मधोमध जळजळ असेल तर जठरावर. आणि इथेच एक घोळ होतो. पित्ताशयातही खडे होतात. पेशंट म्हणतो ‘मला खडा आहे’, शेजारी म्हणतात ‘भरपूर पाणी पी, पडेल’. मुतखडा लघवीच्या वाटेनं पडतो. पित्ताचा खडा पाण्यानं पडत नाही, कुळथानं विरघळत नाही. तो सरकून पित्तनलिकेत अडकला तर कावीळ होते किंवा स्वादुपिंडाला सूज येते, आणि तो प्रकार मुतखड्याच्या कळेपेक्षा कितीतरी गंभीर.

तुम्ही म्हणाल, सोनोग्राफी पोटाचीच होती ना, पित्ताशयात काही असतं तर दिसलं असतं. रिपोर्ट पुन्हा वाचा. पित्ताशय नीट दिसायला सहा-आठ तास उपाशी असावं लागतं, कारण खाल्ल्यावर ते आकसतं. तुम्ही पहाटे कळवळत गेलात, मधे कुणीतरी नारळपाणी किंवा चहा पाजला असेल. अशा घाईच्या तपासणीत लक्ष किडनीवर असतं आणि पित्ताशयापुढे ‘आकसलेलं’ एवढंच लिहिलेलं असतं. ‘काही नाही’ आणि ‘दिसलं नाही’ यांत फरक आहे.

खड्याच्या नावाखाली दडणारी आणखी काही मंडळी माझ्या ओळखीची आहेत. कंबरेच्या एका बाजूला आग होतेय म्हणून तीन दिवस मुतखड्याची औषधं घेणाऱ्या आजींना चौथ्या दिवशी त्याच पट्ट्यात फोड आले: नागीण. कॉलेजातल्या मुलाची जांघेत कळ म्हणजे मुतखडाच असं धरून चालणाऱ्याने वृषण तपासलं नाही, तर पीळ पडलेला कळणार नाही, आणि तिथे हातात सहाएक तासच असतात. पाळी चुकलेल्या बाईच्या ओटीपोटातल्या कळेला आधी गरोदरपणाची तपासणी, मग सोनोग्राफी, मग बाकी सगळं. साठी ओलांडलेल्या, विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाला आयुष्यात पहिल्यांदाच ‘मुतखड्याची’ कळ आली तर महाधमनी फुगलेली नाही ना, हे बघितल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये. आणि मधुमेहाच्या पेशंटला घाम फुटून वरच्या पोटात दुखलं तर सोडा पाजत बसू नका, आधी ईसीजी.

आता सासरे, मित्र आणि स्वयंपाकघर.

आपल्याकडे अश्मरीचा, म्हणजे खड्याचा, विचार फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत तिचे चार प्रकार आणि ती काढायची शस्त्रक्रियाही दिली आहे. मात्र ते वर्णन मूत्राशयातल्या खड्याचं आहे, मूत्रवाहिनीत अडकलेल्याचं नव्हे. घरगुती उपायांवर मी नाक मुरडत नाही. हुलग्याचं माडगं, कुळथाचं कढण (देशावरचा हुलगा तोच कोकणातला कुळीथ, यावरून माझ्या दवाखान्यात एकदा भांडण झालंय), बार्लीचं पाणी, शहाळं: यांनी पोटात पाणी जातं आणि नुकसान काही होत नाही. पण नेहमीचा खडा, म्हणजे कॅल्शियम आणि भाज्यांतून येणारं ऑक्झॅलेट मिळून झालेला, यांतल्या कशानंही विरघळत नाही. ज्यांचा ‘विरघळला’ त्यांचा बहुधा पडलाच असता, श्रेय पानफुटीला गेलं. पानफुटीच्या जातीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, तेव्हा सासऱ्यांचा मान राखून एखादं पान खाल्लंत तर ठीक, महिनोन्महिने मूठमूठ नको. औषधानं खरोखर विरघळणारा नेहमीच्या पाहण्यातला खडा एकच, युरिक ॲसिडचा. पोटॅशियम सायट्रेट देऊन लघवीचा आम्लपणा कमी केला की तो विरघळतो. मधुमेही आणि वजनदार लोकांत तो जास्त. म्हणूनच खडा कशाचा आहे हे कळायला हवं.

बिअरनं लघवी होते हे खरं. पण ती युरिक ॲसिडही वाढवते आणि दुसऱ्या दिवशी अंगातलं पाणी कमी करते. मित्राला म्हणावं, कारण शोधायचंच तर दुसरं शोध.

आणि कळ चालू असताना लिटरमागून लिटर पाणी ढोसू नका. बंद नळावर टाकी भरल्यासारखं होतं, दाब वाढतो, दुखणं वाढतं, वर उलटी. तहानेपुरतं प्या. पाण्याची खरी जागा आहे कळ थांबल्यानंतर, पुढची सगळी वर्षं. एकदा खडा झालेल्यांतल्या साधारण निम्म्यांना दहा वर्षांत पुन्हा होतो. इटलीतल्या पार्मा इथल्या डॉक्टरांनी १९९६ साली पहिलाच खडा झालेल्या १९९ जणांचा पाच वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भरपूर पाणी पिणाऱ्यांत १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, नेहमीसारखं पिणाऱ्यांत २७ टक्क्यांना. इतकं स्वस्त औषध दुसरं नाही.

किती प्यायचं हे विचारू नका, किती बाहेर पडतं ते बघा. दिवसाला अडीच लिटर लघवी व्हायला हवी. एका रविवारी घरी असताना जुन्या मापाच्या बाटलीत चोवीस तासांची मोजा, बहुतेकांचा आकडा दीड लिटरच्या आत निघतो. एसीत तहान लागत नाही, मीटिंगमधून उठायचं नसतं, आणि हिंजवडीहून वाकडला यायला जो वेळ लागतो त्या भीतीनं लोक चारनंतर पाणी बंद करतात. एप्रिल-मेच्या कोरड्या पुण्यात तीन-साडेतीन लिटरही कमी पडतं. रात्री झोपताना एक भांडं प्या, मधे उठलात तर आणखी अर्धं, कारण पहाटेची लघवी सगळ्यात घट्ट. तुमची कळ तीनला आली यात मला तरी नवल वाटलं नाही. निर्जळी उपवास आता तुमच्यासाठी बंद, पुण्य पाणी पिऊनही लागतं.

टँकरचं, बोअरचं जड पाणी पिऊन खडे होतात का, हे वाघोलीपासून उंड्रीपर्यंतचे सगळे विचारतात. जड पाण्यातल्या कॅल्शियमपेक्षा पाणी कमी पिणं कितीतरी जास्त घातक आहे. चव आवडत नाही म्हणून कमी पीत असाल तर फिल्टर लावा, पण पोटभर प्या.

टोमॅटो परत घरात आणा. त्याच्या बियांवरून मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याला बदनाम केलंय, पण त्यात ऑक्झॅलेट अगदी नगण्य. पालक, अळू, बीट, बदाम-काजू, शेंगदाणे, कोरा चहा यांत ते खरंच जास्त. पण दूध बंद करणं ही मोठी चूक झाली. दुधातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला धरून ठेवतं आणि शौचावाटे बाहेर काढतं. दूध बंद केलं की ऑक्झॅलेट मोकाट रक्तात आणि तिथून लघवीत. त्याच पार्माच्या मंडळींनी २००२ साली १२० पुरुषांवर हे दाखवलं: कॅल्शियम कमी केलेल्या ६० जणांत पाच वर्षांत २३ जणांना पुन्हा खडा झाला, कॅल्शियम नेहमीसारखं ठेवून मीठ आणि मांसाहार कमी केलेल्या ६० जणांत १२ जणांना. आपल्या आज्या पालक ताकात शिजवायच्या, अळूवर दही वाढायच्या. त्यांना रसायनशास्त्र ठाऊक नसेल, पण जोडी बरोबर होती. अमृततुल्यचा दुधाचा चहा दोन कप खुशाल घ्या.

बंद करायचंच तर मीठ. मीठ जास्त खाल्लं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा, त्यात भाजी, पोळी, लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. लिंबू उत्तम, त्यातलं सायट्रेट खडा धरू देत नाही. पण आपल्या सरबतात लिंबापेक्षा साखर-मीठच जास्त असतं. नुसतं पाण्यात पिळा. सर्दी होऊ नये म्हणून रोज १००० मिलिग्रॅमची व्हिटॅमिन सीची गोळी चालू असेल तर थांबवा, तिचंही शरीरात ऑक्झॅलेट होतं.

आता तुम्ही करायचं ते. चहाची एक जुनी गाळणी बाथरूममध्ये ठेवा आणि लघवी तिच्यातून गाळा. (गाळणीवर मार्करनं खूण करा. हे मी अनुभवानं सांगतोय.) खडा म्हणजे काळपट-पिवळा दाणा, बाजरीएवढासुद्धा असतो. सापडला की कोरड्या डबीत घालून लॅबमध्ये तपासायला द्या. रक्तात क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि युरिक ॲसिड बघा. दोन्ही किडन्यांत खडे आहेत, त्यामुळे कॅल्शियम जास्त निघालं तर गळ्यातली, कॅल्शियम सांभाळणारी पॅराथायरॉइड ग्रंथीही तपासावी लागेल. तीन आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी. पण उजव्या बरगडीसाठी तेवढे दिवस थांबू नका, पित्ताशयाची सोनोग्राफी याच आठवड्यात करून घ्या. सकाळची पहिली वेळ मागा, रात्री आठनंतर काही खाऊ नका, आणि जाताना वाटेत टपरीवर थांबू नका, चहासुद्धा नाही.